कोपऱ्यात उभा असलेला मुल्ला

मुल्ला नसरुद्दीनची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी लागत नाही. गाढवावर उलटा बसणारा, काझीला भर दरबारात निरुत्तर करणारा, स्वतःच उठवलेल्या अफवेवर विश्वास ठेवून तिच्यामागे धावत सुटणारा हा गृहस्थ आपल्या घरांत नानी-दादीच्या तोंडून आला. पुढे मराठी-उर्दू बालपुस्तकांतून आला. १९९० मध्ये दूरदर्शनवरील मालिकेत रघुवीर यादव यांनी त्याला हिंदी बोलायला लावले, तेव्हा तर तो मोहल्ल्यातलाच एक झाला. तुर्क म्हणतात तो आमचा, इराणी म्हणतात आमचा, उझबेकांनाही तो आपलाच वाटतो. तुर्कस्तानातील आकशेहिर गावी त्याची म्हणून जी कबर दाखवतात, तिच्या दाराला भले मोठे कुलूप आहे आणि बाजू मात्र मोकळ्या आहेत! मेल्यावरही या माणसाने थट्टा सोडली नाही, असेच म्हणायचे.

पण याच मुल्लाच्या नावाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुसलमानांचे एक सचित्र साप्ताहिक निघाले, ते मध्ये खंड पडत पडत पंचवीस वर्षे चालले, आणि त्याच्या पानापानांवर मुल्ला स्वतः चित्ररूपाने उभा असे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. मुसलमान आणि व्यंगचित्र हे दोन शब्द एकत्र आले की २००५ नंतर लोकांच्या मनात एकच विषय येतो. डेन्मार्कमधील वृत्तपत्र, निदर्शने, जाळपोळ. जणू आपला आणि व्यंगचित्राचा संबंध फक्त दुखावले जाण्याचा आहे. त्या वादाच्या शंभर वर्षे आधी मुसलमानांनी मुसलमानांसाठी, स्वतःच्या बोलीत, हसवणारी माणसे कागदावर कशी उभी केली, ती काढणाऱ्या हातांना काय काय सोसावे लागले, आणि शेवटी त्या हसण्याचे काय झाले, हा इतिहास म्हणूनच समजून घेण्याजोगा आहे.

तिफ्लिसचा छापखाना

हे साप्ताहिक निघाले तिफ्लिसला. आज हे शहर तिबिलिसी या नावाने जॉर्जियाची राजधानी आहे. त्या काळी ते रशियाच्या झारच्या कॉकेशस प्रांताचे मुख्य ठाणे होते. जॉर्जियन, आर्मेनियन, रशियन, जर्मन आणि तुर्की बोलणारे मुसलमान तिथे शेजारी शेजारी राहत. या मुसलमानांना आज आपण अझरबैजानी म्हणतो. रशियन सरकारच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद 'तातार' अशी होत असे.

संपादकाचे नाव जलील मम्मदकुलीजादे. अझरबैजानी माणूस त्यांना प्रेमाने 'मिर्झा जलील' म्हणतो, आपणही तसेच म्हणू. १८६६ मध्ये नखचिवान येथे जन्म. गोरी गावच्या अध्यापक विद्यालयात शिक्षण. १८८७ नंतर जवळपास दहा वर्षे त्यांनी खेडोपाडी मास्तरकी केली. समाजाचे अज्ञान त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, वर्गातल्या मुलांच्या बापांशी बोलताना पाहिले होते.

त्यांच्या 'पत्रपेटी' या प्रसिद्ध कथेत नौरोजअली नावाचा भाबडा खेडूत आहे. खानसाहेबांनी दिलेले पत्र तो टपालाच्या पेटीत टाकायला जातो. तेवढ्यात टपालवाला येऊन पेटीतली पत्रे काढू लागतो. नौरोजअलीला वाटते, हा चोर! तो त्याला बेदम मारतो आणि खानाची इमानदारीने चाकरी केल्याच्या समाधानात परत येतो. परिणामी त्याला तुरुंगाची हवा खावी लागते. वाचताना आपण हसतो आणि हसता हसता घशात काहीतरी अडकते. नौरोजअली मूर्ख नाही. ज्या जगात त्याला आणून सोडले आहे, ते जग त्याला कुणी समजावून दिलेले नाही. मिर्झा जलील यांच्या विनोदाची जात ही अशी.

१९०५ च्या रशियन क्रांतीमुळे झारला काही सवलती द्याव्या लागल्या आणि छापण्यावरची बंधने थोडी सैल झाली. ही फट दिसताच मिर्झा जलील, त्यांचे सहकारी उमर फैक नेमानजादे आणि पैशाची बाजू सांभाळणारे व्यापारी मशहदी अलसगर बागिरोव यांनी पत्र काढण्याची परवानगी मिळवली. ७ एप्रिल १९०६ रोजी 'मुल्ला नसरुद्दीन'चा पहिला अंक बाहेर पडला. पाने आठ, आणि त्यांतली बरीचशी जागा रंगीत चित्रांची.

पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर काय होते? पूर्वेकडची माणसे गाढ झोपली आहेत. कुणी आळस देतो आहे, कुणी जांभई. आणि मुल्ला त्यांना पाहत उभा आहे. संपादकाला जे काही सांगायचे होते, ते वाचता न येणाऱ्यालाही एका नजरेत कळले.

आईची बोली

त्या अंकातील संपादकीयात मुल्ला मुसलमान बांधवांना उद्देशून बोलतो. तुमच्याशी साध्या, आईच्या तुर्की बोलीत बोलतो याबद्दल माफी असावी, अशी उपरोधाने क्षमाही मागतो. कारण त्या काळी सुशिक्षित मुसलमानाने आपल्या बोलीत लिहिणे कमीपणाचे समजले जाई. लिहायचे तर फारसीत, नाहीतर अरबी-फारसी शब्दांनी जड झालेल्या उस्मानी तुर्कीत. बाकूला त्याच सुमारास निघणाऱ्या 'फुयूजात' या नियतकालिकाचा कल तसाच होता. मिर्झा जलील यांनी बाजारातली, चुलीपुढची भाषा उचलली.

मराठी मुसलमानाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून आपल्या पूर्वजांनी मराठीत लिहिले, तरीही 'तुमची भाषा कोणती?' हा प्रश्न आपल्याला बाहेरचे विचारतात आणि घरचेही विचारतात. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हाच प्रश्न होता. विनोदाच्या बाबतीत तर भाषेचा प्रश्न निर्णायक ठरतो. उपदेश परक्या भाषेत करता येतो, फतवा परक्या भाषेत देता येतो, पण माणूस हसतो तो आईच्या भाषेत. मिर्झा जलील यांना हे नेमके उमजले होते.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी चित्र होते. ज्या समाजात अक्षरओळख असलेली माणसे थोडी, तिथे एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी चित्र पाहत ऐकायचे, अशीच पत्राची खरी वाट असते.

मुल्लाची घडण

आता चित्रांकडे वळू. सुरुवातीची बहुतेक चित्रे ऑस्कर श्मेर्लिंग यांची आहेत. हे जर्मन वंशाचे, पण जन्म तिफ्लिसचाच, १८६३ चा. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत आणि पुढे म्युनिकला. तिफ्लिसच्या चित्रकला विद्यालयाचे ते प्रमुख होते. त्यांच्या जोडीला जोसेफ रोटर नावाचे दुसरे जर्मन चित्रकार आले. म्हणजे मुसलमानांच्या या मोठ्या विनोदी पत्राची चित्रे काढणारे दोघेही ख्रिस्ती!

यामागचे कारण साधे आहे. सजीवांची चित्रे काढणे धार्मिक घरांत नापसंत होते, त्यामुळे शाळेत जाऊन चित्रकला शिकलेला मुसलमान तरुण शोधूनही सापडणे कठीण. तेव्हा कामाची वाटणी झाली. विषय, प्रसंग, कोण कुठे बसला आहे, कोण काय म्हणतो आहे, हे मिर्झा जलील सांगत. रेषा श्मेर्लिंगची. चित्राखालचा मजकूर पुन्हा संपादकाचा.

यातून जी पात्रे उभी राहिली, ती पाहण्यासारखी आहेत. हातात तसबीह आणि नजर दुसऱ्याच्या खिशाकडे, असा हाजी. डोक्यापेक्षा अमामा मोठा असलेला मौलवी. पोटावरून साखळी लोंबणारा व्यापारी. युरोपी कोट चढवून आपल्याच माणसांना नाक मुरडणारा नवशिक्षित. प्रजेपुढे वाघ आणि परक्या वकिलातीपुढे मांजर होणारा इराणचा शहा. लाच घेणारा झारचा अंमलदार. नातीच्या वयाच्या मुलीशी निकाह लावायला निघालेला म्हातारा.

आणि या सगळ्यांच्या बाजूला, चौकटीच्या कोपऱ्यात बऱ्याचदा मुल्ला. तो भाषण देत नाही, काठी उगारत नाही. नुसता पाहतो. कधी त्याच्या चेहऱ्यावर हसू असते, कधी खंत. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत चौकटीचे जाकीट आणि धोतर घातलेला 'कॉमन मॅन' अनेक दशके एक शब्द न बोलता उभा राहिला, हे आपण पाहिले आहे. मुल्ला हा त्याचा पूर्वज नव्हे, दोघांचा एकमेकांशी काही संबंधही नाही. पण दोन वेगळ्या देशांतल्या दोन पत्रांना एकच गरज भासली, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. चित्रातल्या मूर्खपणाकडे पाहणारा एक साक्षीदार चित्रातच हवा, म्हणजे वाचक त्याच्या शेजारी जाऊन उभा राहू शकतो.

विनोदी पात्र घडवण्याचे काम किती अवघड, हे बाहेरून कळत नाही. एखादा माणूस हुबेहूब काढणे ही कारागिरी झाली. पण शंभर हाजी पाहून त्यांतून एक हाजी असा काढायचा, की प्रत्येक गावच्या वाचकाला तो आपल्याच गावचा वाटावा, ही गोष्ट निराळी. त्यातून हे साप्ताहिक. शिळाछपाईचा काळ. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागणार, अंकाची तारीख डोक्यावर, आणि सरकारी तपासनीसाची नजर आहेच. अशा कामात बारीकसारीक नक्षीला वाव नसतो. पात्राची ओळख दोन-तीन खुणांत पटली पाहिजे. पोट, पगडी, जपमाळ, छडी. या खुणा एकदा वाचकाच्या मनात बसल्या, की पुढच्या आठवड्यात ते पात्र आपले आपण चालू लागते.

दाद्याच्या घरातला पोरगा

पण एक अडचण होती आणि ती विरोधकांनी अचूक हेरली. परधर्मी चित्रकार आपल्या हाजी-मौलवींना विद्रूप करतो आहे, असे म्हणणे सोपे होते. या आक्षेपाला उत्तर मिळाले ते लेख लिहून नव्हे. ते मिळाले आझिम आझिमजादे यांच्या रूपाने.

आझिम यांचा जन्म १८८० चा, बाकूजवळच्या नोवखानी गावचा. घर गरीब आणि जुन्या वळणाचे. मुलाने चित्रे काढावीत हे वडिलांना मान्य नव्हते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळाले नाही. पोटासाठी एका व्यापाऱ्याकडे निरोप्याची नोकरी केली आणि फावल्या वेळात हात चालू ठेवला. १९०६ मध्ये, म्हणजे पत्राच्या पहिल्याच वर्षी, त्यांचे चित्र 'मुल्ला नसरुद्दीन'मध्ये छापून आले. पुढे 'जंबूर' आणि इतर विनोदी पत्रांतूनही ते काढत राहिले. अझरबैजानी व्यंगचित्रकलेचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते.

श्मेर्लिंग आणि आझिमजादे यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. श्मेर्लिंगची रेषा शिकलेली, शरीरशास्त्र पक्के, मांडणी देखणी. आझिम यांची रेषा काही वेळा ओबडधोबड. पण हाजी शाल कशी लपेटतो, शेजारणी भांडताना चादर दातांत कशी धरतात, बाकूचा 'कोचू' (म्हणजे भाडोत्री गुंड, आपल्याकडचा दादा) कमरेचे पिस्तूल दिसावे म्हणून कसा चालतो, हे त्या माणसाने गल्लीत उभे राहून पाहिलेले आहे. श्मेर्लिंगचा हाजी आपण ओळखतो. आझिमजादे यांच्या हाजीला आपण सलाम करू, आणि मग हसू. कारण तो आपला चुलता आहे.

आतल्या माणसाने काढलेल्या चित्रात आणि बाहेरच्याने काढलेल्या चित्रात हा फरक पडतो. बाहेरचा दाढी पाहतो. आतल्याला त्या दाढीमागची भीती, हाव, लाज आणि माया सगळे दिसते. त्याचे हसणे म्हणूनच अधिक झोंबते, आणि म्हणूनच ते सहनही होते.

या पत्राचा दुसरा आधारस्तंभ होता कवी मिर्झा अली अकबर साबिर. शमाखी गावचा, साबण बनवून विकणारा. त्याने अनेक टोपणनावांनी लिहिले. त्यांतले प्रसिद्ध नाव 'हॉप-हॉप', म्हणजे हुदहुद. हजरत सुलैमान यांच्याकडे दूरची खबर आणणारा तो पक्षी! साबिरच्या कवितांत बोलणारा बहुधा कवी नसतोच. मुलाला शाळेत पाठवायला नकार देणारा बाप, बदलाला घाबरलेला धनिक, अशी पात्रेच बोलत असतात आणि बोलता बोलता स्वतःला उघडी पाडतात. शब्दांनी काढलेली ती अर्कचित्रेच आहेत. १९११ मध्ये साबिर वारला, वयाची पन्नाशीही न गाठता. त्याच्या कवितांचे पुस्तक 'हॉप-हॉपनामा' त्याने पाहिले नाही. ते १९१२ मध्ये निघाले. १९१४ च्या दुसऱ्या आवृत्तीला चित्रे काढली आझिमजादे यांनी. साबणवाल्याची पात्रे आणि निरोप्याची रेषा अशी ती जोडी जमली.

हसण्याची किंमत

हे सारे सुखासुखी झाले असे कुणी समजू नये. पत्राने मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली, बालविवाहावर आसूड ओढले, मोहरममध्ये डोकी फोडून घेण्यावर टीका केली, शिया-सुन्नी भांडणाची टर उडवली. परिणामी मशिदींतून निषेध झाले, कचेरीवर संतप्त जमाव आले, संपादकाच्या जिवाला धोका निर्माण झाला. इराणात अंक जप्त होऊ लागले. तिकडे झारचे सरकारही खूश नव्हते. १९०७ मध्ये काही काळ पत्र बंद पाडण्यात आले. १९१२ नंतर खंड पडला, आणि १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ते थांबलेच. १९१७ मध्ये पुन्हा काही अंक निघाले.

तरीही अंक सीमेपलीकडे जात. इराण, उस्मानी साम्राज्य, मध्य आशिया, इजिप्त आणि हिंदुस्थानपर्यंत या पत्राचा वाचक पसरला होता. इराणात १९०६ मध्ये घटनात्मक राज्यासाठी आंदोलन झाले. १९०८ मध्ये मुहम्मद अली शहाने तोफा लावून संसद उडवली. त्या सगळ्या काळात शहाची सर्वांत बोचरी चित्रे तिफ्लिसला छापली जात होती.

या धकाधकीत मिर्झा जलील यांच्या पाठीशी एक स्त्री उभी होती, तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. हमीदा जवानशीर. काराबाखच्या जमीनदार घराण्यातली, शिकलेली विधवा. १९०७ मध्ये तिने मिर्झा जलील यांच्याशी लग्न केले. १९०८ मध्ये आपल्या गावी मुलामुलींची एकत्र शाळा काढली. नवऱ्याच्या पत्रातली चित्रे मुलींना शिकवा म्हणून सांगत होती, ही बाई प्रत्यक्ष शिकवत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पत्राने इस्लामची टिंगल केली का? विरोधकांचे म्हणणे तसे होते. पण तिफ्लिसच्या काळातले पत्र पाहिले तर निशाणा दिसतो तो धर्माच्या नावावर पोट भरणाऱ्यांवर आणि त्यांना पोसणाऱ्या खान-अमिरांवर. पत्राचे नावच मुल्ला! म्हणजे दांभिक मुल्लाला उत्तर द्यायला दुसरा मुल्लाच पुढे केला. लोककथेतला, गरिबांचा, गाढवावरचा. ही निवड अत्यंत विचारपूर्वक केलेली होती. परका विदूषक आणला असता तर तो उपहास झाला असता. घरातला म्हातारा उभा केला, म्हणून ते घरगुती बोलणे झाले.

हसू सरकारजमा होते

पुढचा इतिहास मात्र उदास करणारा आहे. १९२० मध्ये बोल्शेविकांनी बाकू घेतले. मिर्झा जलील कुटुंबासह इराणात तब्रीझला गेले. १९२१ मध्ये तिथे 'मुल्ला नसरुद्दीन'चे आठ अंक काढले, तेही त्याच तुर्की बोलीत. मग ते बाकूला परतले आणि १९२२ पासून पत्र सोव्हिएत सरकारच्या छत्राखाली पुन्हा सुरू झाले. कागद मिळाला, छापखाना मिळाला, पगार मिळू लागला. जमावाची भीती उरली नाही. अंकांची संख्या पाहिली तर एकूण सुमारे साडेसातशे अंकांपैकी निम्म्याहून अधिक या बाकूच्या काळातले आहेत.

पण हळूहळू काहीतरी बदलत गेले. १९०६ मध्ये मौलवीचे चित्र काढणे म्हणजे बलवानाच्या दाढीला हात घालणे होते. १९३० च्या आसपास तोच मौलवी सरकारच्या नजरेत गुन्हेगार ठरला होता. मशिदी बंद पडत होत्या. अशा वेळी त्याच पगडीवर, त्याच पोटावर, त्याच जपमाळेवर हसणे म्हणजे काय? रेषा तीच, पात्र तेच, पण हसणाऱ्याची जागा बदलली. पूर्वी दुबळा सबळाला हसत होता. आता सत्तेच्या मांडीवर बसून पडलेल्याला हसायचे होते. आणि नव्या अंमलदाराच्या पोटाचे चित्र काढायची सोय नव्हती.

१९३१ मध्ये पत्राचे नाव बदलून 'अल्लाहसिझ' म्हणजे 'निरीश्वर' असे करण्यात आले. कोपऱ्यातला मुल्ला चौकटीबाहेर गेला. ४ जानेवारी १९३२ रोजी मिर्झा जलील बाकूत वारले. पहिल्या दिवसापासूनचे सहकारी उमर फैक नेमानजादे यांना १९३७ च्या स्टालिनी धरपकडीत गोळी घालण्यात आली. झारच्या राज्यात ज्यांचे पत्र बंद पडले पण जीव वाचला, त्यांचा जीव 'आपल्या' राज्यात गेला.

आझिमजादे तरले. सरकारने त्यांचा सन्मान केला, बाकूच्या कला विद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. पण त्यांच्या १९३० च्या दशकातल्या जलरंगचित्रांकडे पाहिले की जाणवते, या माणसाने आपली वाट शोधली होती. ते जुन्या बाकूकडे वळले. श्रीमंताच्या घरचा रमजान आणि गरिबाच्या घरचा रमजान. जुनी बायको आणि नवी बायको. गल्लीतले नमुनेदार इसम, एकामागून एक. सरकारला ही चित्रे जुन्या समाजाची निंदा म्हणून चालत. पण गरिबाच्या घरच्या त्या इफ्तारीत निंदा कमी आणि कळवळा जास्त आहे. १९४३ मध्ये ते वारले.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. अझरबैजानी भाषेची लिपी अरबी होती, ती १९२९ मध्ये लॅटिन झाली, दहा-अकरा वर्षांत रशियन झाली, १९९१ नंतर पुन्हा लॅटिन. नातवंडांना आजोबांच्या अंकातली अक्षरे वाचता येईनात. पण चित्रे वाचता येत होती. झोपलेली माणसे आणि त्यांच्याजवळ उभा असलेला मुल्ला समजायला कोणतीच लिपी लागत नव्हती.

आपल्या पदरात काय?

हा दूरदेशीचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन केवळ माहिती देणे नाही. स्वतःवर हसण्याची परंपरा आपल्याकडेही होती. १८७७ मध्ये लखनौला मुन्शी सज्जाद हुसैन यांनी 'अवध पंच' काढले. रतननाथ सरशार यांच्या 'फसाना-ए-आझाद'मधला बुटका, अफूबाज, बढाईखोर खोजी, इम्तियाज अली 'ताज' यांचे चचा छक्कन, ही पात्रे उर्दू वाचकांनी घरच्यासारखी सांभाळली. अकबर इलाहाबादी यांनी शेखची जी दशा केली, ती शेख लोकांनीच सर्वाधिक वाचली. तेव्हा मुसलमानाला विनोद कळत नाही, हे म्हणणे अज्ञानाचे आहे.

पण मराठी व्यंगचित्रांत मुसलमान येतो तो बहुधा ठरलेल्या रूपात. चौकड्यांची लुंगी, बोकडदाढी, जाळीची टोपी आणि तोंडी मोडके हिंदी. कोकणातला खलाशी, सांगली-मिरजेचा सतारमेकर, मालेगावचा यंत्रमागवाला, विदर्भातला कास्तकार, पुण्यातली मुसलमान प्राध्यापिका, यांच्यात जितके वैविध्य आहे त्यातले त्या लुंगीत काहीच दिसत नाही. ते चित्र पाहून आपण रागावतो, आणि रागावणे स्वाभाविक आहे. परंतु तिफ्लिसचा इतिहास सांगतो की परक्याने काढलेल्या चुकीच्या चित्राला निषेधाचे पत्रक हे अपुरे उत्तर आहे. पुरे उत्तर म्हणजे आपण काढलेले बरोबर चित्र. त्यात आपले दोषही असणार. वलीम्यात कर्ज काढून बिर्याणी घालणारा बाप असेल, मुलीची तालीम दहावीला थांबवणारा चुलता असेल, निवडणुकीपुरता शेरवानी घालणारा पुढारी असेल. पण ती माणसे असतील, नुसत्या टोप्या नसतील.

दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा. हसणे कुणाच्या बाजूने आहे, हे दर काही वर्षांनी तपासून पाहावे लागते. समाजसुधारणेच्या हेतूने आपण जे चित्र काढले, तेच उद्या दुसऱ्याच्या हातात आपल्याला झोडपण्याची काठी होऊ शकते. बाकूत तेच झाले. म्हणून गप्प बसावे काय? नाही. मिर्झा जलील आधी थांबले असते तर नौरोजअली आणि हाजी जन्मालाच आले नसते. मात्र चित्रकाराने आपल्या पात्राशेजारी उभे राहण्याची जागा सोडू नये. सत्तेच्या खुर्चीवरून काढलेले चित्र आणि मोहल्ल्याच्या कट्ट्यावरून काढलेले चित्र वाचकाला लगेच ओळखू येते.

आपल्या वार्षिकांकांत आणि ईद विशेषांकांत कवितेला पाने असतात, कथेला असतात, गझलेला तर असतातच. व्यंगचित्राला क्वचित एखादा कोपरा मिळतो, तोही जागा उरली तर. आपल्या शाळांतून वहीच्या मागच्या पानावर मास्तरांचे, इमामसाहेबांचे, शेजारच्या खालाजानचे चित्र काढून वर्गाला हसवणारी मुले-मुली आजही आहेत. त्यांच्या कानाखाली वाजवण्याऐवजी त्यांच्या हाती चांगला कागद द्यावा. संपादकांनी निदान दोन पाने राखून ठेवावीत आणि काय काढायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. नोवखानीच्या त्या निरोप्या पोराला तिफ्लिसच्या एका संपादकाने पान दिले, म्हणून बाकूच्या गल्लीतली अख्खी माणसे आज शिल्लक आहेत.